लांबच्या टीमसोबत काम करायला पोरांना कसं तयार करायचं

कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टात चौघं एकाच बाकावर बसतात, अडलं की शेजारच्याला विचारलं, झालं काम. तीच पोरं हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत जॉईन होतात आणि शेजारचा असतो अमेरिकेत, सिएटलला, उन्हाळ्यात साडेबारा तास मागे. एक अर्धवट प्रश्न पाठवला की अख्खा दिवस गेला समजा. म्हणून ही सवय कॉलेजातच लावायला हवी, आणि त्याला खर्च काहीच नाही.

ग्रुपचे दोन भाग करा. एक फक्त सकाळी काम करेल, दुसरा फक्त रात्री. कॉल बंद, व्हॉट्सॲप बंद, कॅन्टीनमध्ये प्रोजेक्टवर चर्चा बंद, जे काय बोलायचं ते गिटहबसारख्या कोड ठेवायच्या साइटवर, इश्यूत (अडचणींची नोंद) आणि रिव्ह्यूच्या (एकमेकांचा कोड तपासण्याच्या) कमेंटमध्ये. पहिल्या आठवड्यात सगळं बोंबलेल, बोंबलू द्या, मध्ये पडू नका.

मग रोज काम संपवून उठताना हँडओव्हर नोट, म्हणजे काम कुठवर आलं ते पुढच्याला सांगणारी चिठ्ठी, लिहायला लावा. पोरं आधी लिहितात, "लॉगिनमध्ये थोडा इश्यू आहे, बघतोय." याचं समोरच्याने करायचं काय? अशी हवी: "लॉगिन फॉर्म मर्ज केला. रीसेटची लिंक दुसऱ्यांदा उघडली की ५०० एरर येतो, टोकनचा घोळ वाटतोय पण खात्री नाही, लॉग इश्यूत टाकलाय. तू टोकनचं टेबल बघ, मेल टेम्प्लेटला हात लावू नको, ते मी उद्या करतोय." हे वाचून समोरचा कुणालाही न उठवता कामाला लागू शकतो. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवा.

घड्याळाचंही शिकवा. न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. त्यात अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे भारत, अमेरिका, युरोप अशा तिघांच्या मीटिंगची वेळ हमखास चुकते. डेटाबेसमध्ये झालेल्या गोष्टींची वेळ यूटीसीतच (जगभर एकच असलेली प्रमाण वेळ) ठेवायची.

आणि "हो सर, होऊन जाईल" ही सवय मोडा. मुद्दाम अर्धवट रिक्वायरमेंट द्या आणि जो आधी प्रश्न विचारेल त्याला मार्क द्या, कारण आपल्याकडे प्रश्न विचारला की काही येत नाही असं समजतात आणि पोरं गप्प बसतात, मग डेडलाईनच्या आदल्या दिवशी कळतं की काम सुरूच झालं नव्हतं.

हे जमलं की ओपन सोर्सकडे, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरकडे, वळवा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, पॅच (कोडमधले बदल) आजही मेलवर सगळ्यांसमोर तपासले जातात, गिट हे कोडमधले बदल नोंदवणारं साधन सुद्धा २००५ मध्ये लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने त्याच कामासाठी लिहिलं. आधी महिनाभर नुसते रिव्ह्यू वाचू द्या, मग डॉक्युमेंटेशनमधली छोटी दुरुस्ती, कोड नंतर.

मार्क देताना नुसता डेमो बघू नका, कमिट मेसेज (प्रत्येक बदलासोबत लिहिलेली नोंद) आणि रिव्ह्यू वाचा. आणि शेवटी दुसऱ्या ग्रुपच्या एकाला फक्त रीडमी (प्रोजेक्टची माहिती देणारी फाईल) वाचून प्रोजेक्ट चालवायला सांगा, बनवणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही, तो जिथे जिथे अडेल तिथे मार्क कापा.