ऑफस्टेड येण्याआधी किती लिहायचं? माझ्या मते एक कागद, पाठपोट

"ताई, तुमची सेल्फ-इव्हॅल्युएशनची फाइल व्हॉट्सअॅप करता का? बघून लिहून काढते." मागच्या आठवड्यात मिल्टन कीन्सहून एकीचा फोन. नुकतीच चाइल्डमाइंडर झालीय, म्हणजे स्वतःच्या घरी दुसऱ्यांची मुलं सांभाळते. ऑफस्टेडची, म्हणजे इंग्लंडमध्ये शाळा आणि मुलं सांभाळणाऱ्यांना तपासणाऱ्या सरकारी संस्थेची, पहिली तपासणी व्हायचीय, आवाजात बारावीच्या पेपरची धाकधूक. सेल्फ-इव्हॅल्युएशन म्हणजे आपल्या कामाचं आपणच केलेलं मूल्यमापन. मी म्हटलं, माझ्याकडे फाइल नाही, एक कागद आहे, आणि तो मी पाठवणार नाही. फोन ठेवताना तिचा आवाज जरा पडलाच. म्हणून का पाठवला नाही आणि तो कागद कसा करायचा, ते इथे लिहिते. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या आपल्या बायका आता बऱ्याच आहेत, इतरांनाही उपयोग होईल.

मी 2015 पासून रेडिंगला हे काम करते. पहिली तपासणी 2017 साली झाली. तेव्हा सेल्फ-इव्हॅल्युएशनसाठी ऑफस्टेडचा ऑनलाइन फॉर्म होता, एसईएफ म्हणायचे त्याला. तो भरायची सक्ती तेव्हाही नव्हती, पण आपण पुरवणी जोडल्याशिवाय पेपर सोडवल्यासारखं न वाटणारी माणसं. मी फॉर्म भरला, वर 38 पानं छापून रंगीत टॅब लावून फाइल केली. त्यातली निम्मी भाषा वीस पौंडांना विकत घेतलेल्या टेम्प्लेटची होती. एक वाक्य असं होतं की मुलं बागेतल्या भाज्यांच्या वाफ्यात काम करतात आणि रोपं कशी वाढतात ते शिकतात. छान वाटलं, ठेवून दिलं.

इन्स्पेक्टरबाईंनी फाइल चाळली, नेमकं तेच पान उघडलं आणि म्हणाल्या, वाफा बघू या का? मागच्या अंगणात होती कपडे वाळत घालायची छत्री, एक तीनचाकी सायकल आणि कचऱ्याचा डबा. मी खरं सांगून टाकलं. त्या हसल्या, पण नंतर प्रत्येक वाक्याला "हे मला दाखवाल का?" सुरू झालं, आणि माझा अर्धा तास स्वतःचीच फाइल निस्तरण्यात गेला. तेवढ्या वेळात मुलं टीव्हीसमोर जाऊन बसली, ते वेगळंच. शेवटी 'गुड' हा शेरा मिळाला, पण तो फाइलमुळे नव्हे, हे मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्याची फाइल मागू नका, त्याचं कारण हा वाफा.

2018 मध्ये ऑफस्टेडने तो फॉर्मच बंद केला. आता ठरलेला नमुना नाही, आणि लेखी सेल्फ-इव्हॅल्युएशन दाखवा असं कोणी म्हणत नाही. विचारतात ते एवढंच: तुमच्याकडे काय चांगलं चाललंय, काय कमी पडतंय, आणि त्याचं तुम्ही काय केलंत? हे तोंडी सांगितलं तरी चालतं. मग कागद तरी कशाला? तर सकाळी नऊ वाजता एक बाळ कडेवर, एक दारात रडतंय, सोफ्यावर इन्स्पेक्टर, अशा वेळी माझं इंग्रजी आधी पळून जातं आणि पाठोपाठ आठवण. तो कागद माझ्यासाठी असतो.

आधी दोन ढीग करा

सगळा घोळ होतो तो इथे. कायद्याने ठेवायच्या नोंदी वेगळ्या आणि सेल्फ-इव्हॅल्युएशन वेगळं. बायका दुसऱ्यावर तीन आठवडे घालवतात आणि पहिल्यात सापडतात.

जानेवारी 2024 पासून चाइल्डमाइंडरसाठी ईवायएफएसची, म्हणजे लहान मुलांच्या शिकण्याच्या आणि सुरक्षिततेच्या सरकारी नियमांची, वेगळी पुस्तिका आहे. ती स्वतः वाचा, कोणाच्या सारांशावर जाऊ नका. तीत स्पष्ट म्हटलंय की पॉलिसी (कशा वेळी काय करायचं याचे आपले नियम) लेखी असायची गरज नाही, मात्र पालकांना आणि इन्स्पेक्टरला त्या समजावून सांगता आल्या पाहिजेत. रिस्क असेसमेंटही, म्हणजे धोका कुठे आहे याची पाहणी, दर वेळी लिहूनच ठेवावं असं नाही. म्हणजे बाजारात मिळणारा तो पन्नास पॉलिसींचा गठ्ठा घरात नसला तरी काही बिघडत नाही.

लेखी लागतंच ते हे: मूल किती वाजता आलं आणि गेलं त्याची रोजची हजेरी. मुलाची आणि पालकांची माहिती, पालकत्वाचा कायदेशीर हक्क कोणाकडे, अडीअडचणीला कोणाला फोन करायचा. औषधाला पालकांची आधी लेखी परवानगी आणि दर वेळी दिलेल्या औषधाची नोंद. पडणं-झडणं आणि त्यावर केलेला प्रथमोपचार. तक्रार आली तर ती आणि तिचं काय झालं ते. तक्रारदाराला 28 दिवसांच्या आत कळवावं लागतं. मूल दोन ते तीन वर्षांचं असताना करायच्या प्रोग्रेस चेकचा, म्हणजे प्रगतीच्या आढाव्याचा, छोटा लेखी सारांश. शिवाय पीडियाट्रिक फर्स्ट एडचं सर्टिफिकेट, जे दर 3 वर्षांनी नवं करावं लागतं, इन्शुरन्स, आणि घरातल्या 16 वर्षांवरच्या प्रत्येकाचं डीबीएस (गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी). मुलगा सोळाचा झाला की केक कापायच्या आधी हे आठवा.

या सगळ्याला माझ्याकडे प्लॅस्टिकचा एक डबा आहे. हजेरीची वही मात्र दाराशी, खुंटीला, आणि पेन सुतळीने बांधलेलं. "दुपारी मुलं झोपली की भरते" असं म्हणणाऱ्या बाईची वही दुपारीसुद्धा कोरी असते. मी ती बाई होते.

कागद

ए-फोर कागद आडवा धरायचा आणि चार भाग पाडायचे. हाताने लिहा. लॅपटॉपवर बसलात की लांबण लागते.

पहिल्या भागात मुलं, दोन-तीन ओळींत. सध्या माझ्याकडे 11 महिन्यांचं बाळ, सव्वादोन वर्षांचा एक, साडेतीन वर्षांची एक, आणि शाळा सुटल्यावर येणारे दोघे भाऊ. इन्स्पेक्टर आल्यावर तुम्ही कोणत्या मुलांबद्दल बोलताय, हे आधी ठरायला हवं. मुलांची नावं लिहू नका. कागद बसमध्ये राहिला तर पंचाईत.

दुसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा: काय बदललं आणि त्याने मुलांचं काय झालं. इथे बहुतेक जणी "मी रोज गोष्टी वाचते, मुलांना पुस्तकं आवडतात" असं लिहितात. हे कोणत्याही घराबद्दल लिहिता येईल. माझ्या कागदावर असं आहे: "जानेवारीत दिसलं, सव्वादोनवाला पुस्तक मागतच नाही. शेल्फ सोफ्याच्या मागे, त्याचा हात पोचत नव्हता. पुस्तकं टोपलीत घालून जमिनीवर ठेवली. आता दिवसातून तीन-चारदा पुस्तक आणून मांडीवर बसतो, 'बस' आणि 'डॉग' बोट ठेवून म्हणतो." पाहिलं काय, केलं काय, झालं काय. यात विशेषण एकही नाही, आणि इन्स्पेक्टरला टोपली उचलून दाखवता येते.

दुसरी नोंद साडेतीनच्या मुलीची. तिच्या घरी नेपाळी बोलतात आणि माझ्याकडे आली की तिच्या तोंडाला कुलूप. घरच्या भाषेला मुलांच्या खेळात, शिकण्यात जागा द्यायला हवी हे ईवायएफएसमध्येच आहे, पण मला ते सुचलं तिच्या आजीमुळे. आजीकडून दहा शब्द लिहून घेतले. नेपाळीत भुकेला 'भोक' म्हणतात, आणि ती पहिल्यांदा पोटावर हात ठेवून "भोक" म्हणाली तेव्हा मला आधी हसूच आलं. ते दहा शब्द फ्रिजवर आहेत. तिचं पहिलं इंग्रजी वाक्य त्यानंतर तीन आठवड्यांनी आलं. तारीख कागदावर आहे.

तिसरा भाग: काय जमत नाहीये. हा कोरा सोडू नका आणि इथे खोटी नम्रताही नको. "मी फार परफेक्शनिस्ट आहे" हे नोकरीच्या मुलाखतीत शोभतं. माझी खरी उणीव आमच्या ह्यांनी दाखवली. वरच्या खोलीतून काम करताना सगळं ऐकू येतं. एक दिवस जेवताना म्हणाले, "तू प्रश्न विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस. त्या पोराला तोंड उघडायला वेळ कुठे?" राग आला, पण दुसऱ्या दिवशी लक्ष दिलं तर खरंच तसं होतं. तेव्हापासून प्रश्न विचारला की मनात एक ते दहा मोजते, मराठीत, म्हणजे घाई होत नाही. अजून पूर्ण जमलेलं नाही, आणि कागदावरही तसंच लिहिलंय.

चौथ्या भागात पुढे काय आणि कधी. दोनच गोष्टी. अकरा गोष्टींची यादी केलीत तर त्यातल्या नऊ का झाल्या नाहीत, याचं उत्तर द्यावं लागेल.

कागदाच्या पाठीमागे पालक काय म्हणतात ते. लांबलचक फॉर्म वाटू नका, कोणी भरत नाही. मी वर्षातून दोनदा व्हॉट्सअॅपवर एकच प्रश्न टाकते: एक गोष्ट बदलायची झाली तर कोणती? इंग्रज पालक बहुधा "सगळं छानच" लिहितात, त्यातून काही हाती लागत नाही. खरं ऐकायचं तर पुण्याहून आलेली आजी हवी. एक आजी नातवाला न्यायला आल्या, खिमटाची चव घेतली आणि तोंड वाकडं केलं: "अगं, मीठच नाही यात!" वर्षाच्या आतल्या बाळाला दिवसाला 1 ग्रॅमपेक्षाही कमी मीठ चालतं, हे त्यांना समजावताना मला कळलं की पालकांना जेवणाबद्दल आधीच सांगायला हवं होतं. आता पहिल्या दिवशीच सांगते. हेही कागदावर गेलं.

एकूण वेळ? मुलं गेल्यावर तीन संध्याकाळी, रोज पाऊण तास. चौथी संध्याकाळ लागली तर समजा तुम्ही निबंध लिहिताय.

नव्या पद्धतीचं काय

नोव्हेंबर 2025 पासून तपासणीची चौकट बदलली. एका शब्दाचा एकूण शेरा गेला, आता रिपोर्ट कार्ड मिळतं, प्रत्येक क्षेत्राला वेगळी श्रेणी: अर्जंट इम्प्रूव्हमेंटपासून नीड्स अटेंशन, एक्स्पेक्टेड स्टँडर्ड, स्ट्राँग स्टँडर्ड ते एक्सेप्शनल. सेफगार्डिंगला, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेला, फक्त मेट किंवा नॉट मेट. लगेच बायकांनी दर क्षेत्राला एक टॅब करून फायली उघडल्या. तसं करू नका. तपासणीचे निकष दिलेलं टूलकिट ऑफस्टेडच्या साइटवर फुकट आहे. एक्स्पेक्टेड स्टँडर्डखाली काय लिहिलंय ते वाचा आणि आपल्या कागदावरची कोणती ओळ कुठे बसते, त्यापुढे पेन्सिलीने खूण करा. माझी पुस्तकांची टोपली दोन ठिकाणी बसली. एखाद्या क्षेत्रापुढे एकही खूण आली नाही, तर कागद नव्याने लिहू नका. आधी त्या बाबतीत घरात काहीतरी करा.

मोठ्याने म्हणा

लिहिण्यापेक्षा याला जास्त वेळ द्या. आपल्या बायकांना काम येतं, अडतं ते सांगताना. 2023 च्या माझ्या दुसऱ्या तपासणीत बाईंनी विचारलं, मुलाच्या कानामागे काळंनिळं दिसलं तर काय कराल? उत्तर मला पाठ होतं, मराठीत. दोन सेकंद गेले, मग आलं: मुलाला खोदून खोदून विचारणार नाही, जे दिसलं आणि मूल जे बोललं ते तसंच लिहून ठेवीन, आणि कौन्सिलच्या चिल्ड्रन्स सर्व्हिसेसला फोन करीन, त्यांचा नंबर फ्रिजवर आहे. आलं कारण आदल्या आठवड्यात आमचे हे इन्स्पेक्टर होऊन सोफ्यावर बसले होते आणि मी भाजी चिरत उत्तरं देत होते. भाजी चिरतच द्या. खऱ्या दिवशीही हात रिकामे नसतात.

तेव्हा मला चार दिवस आधी फोन आला होता, कोणत्या दिवशी मुलं असतात ते विचारायला. फोन आल्यावर नवं काही लिहायला घेऊ नका. डबा उघडून हजेरी आणि औषधांच्या सह्या तपासा, फर्स्ट एडची तारीख बघा, पालकांना कळवा आणि झोपा. नवीन खेळणी आणू नका. मुलं नव्या खेळण्यावरून भांडतात.

त्या दिवशी बाई तीनेक तास होत्या. त्यातला बहुतेक वेळ त्या जमिनीवर बसून मी मुलांशी कशी बोलते ते बघत होत्या. कागद मागितला नाही. मीच एकदा खिशातून काढून बघितला, तेव्हा म्हणाल्या, ते काय आहे? दिला. दोन मिनिटांत वाचून परत दिला आणि विचारलं, ती टोपली कुठाय? सव्वादोनच्या वयाचा तेव्हाचा एक मुलगा आधीच ती ओढत घेऊन येत होता. हो, टोपली तेव्हाही लागली होती. शेल्फ पुन्हा सोफ्यामागे गेलं कारण मध्ये आम्ही घर बदललं, आणि तीच चूक मी दुसऱ्यांदा केली. हेही कागदावर लिहिलंय.

मिल्टन कीन्सवाली, वाचत असशील तर राग सोड. आज मुलं गेली की दुसऱ्या भागातली एकच नोंद लिही: पाहिलं काय, केलं काय, झालं काय. मग मला फोन कर आणि वाचून दाखव. इंग्रजीत.