सिस्को राउटरवर मल्टिकास्ट राउटिंग कसे सुरू करावे

एकच व्हिडिओ अनेक सबनेटमधल्या संगणकांवर एकाच वेळी दाखवायचा असेल, तर प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवण्याऐवजी वाट जिथे फुटते तिथेच राउटरने प्रत काढावी, हा मल्टिकास्टचा हेतू आहे. सिस्को राउटरच्या आयओएस प्रणालीवर त्यासाठी पिम या मल्टिकास्ट राउटिंग प्रोटोकॉलचा स्पार्स मोड निवडावा; त्यात मागणी असेल तिथेच डेटा जातो. डेन्स मोड आधी सगळीकडे डेटा सोडतो आणि ज्यांना तो नको आहे त्यांना मागाहून वगळतो, म्हणून मोठ्या नेटवर्कमध्ये तो टाळलेलाच बरा.

कमांड देण्यापूर्वी युनिकास्ट, म्हणजे एकाकडून एकाकडे जाणाऱ्या नेहमीच्या डेटाचे, राउटिंग निर्दोष आहे याची खात्री करून घ्यावी. स्रोताकडे परत जाण्याचा मार्ग राउटिंग टेबलनुसार ज्या इंटरफेसवरून जातो, त्याच इंटरफेसवर आलेले पॅकेट राउटर पुढे पाठवतो आणि इतर इंटरफेसवर आलेले टाकून देतो. ही आरपीएफ (रिव्हर्स पाथ फॉरवर्डिंग) तपासणी नीट समजली, की मल्टिकास्टमधल्या अडचणी शोधणे बरेच सोपे होते.

ग्रुपचा, म्हणजे तोच डेटा मागणाऱ्या श्रोत्यांच्या गटाचा, पत्ता २३९.०.०.०/८ या खासगी वापराच्या पट्ट्यातून घ्यावा. मात्र २३९.०.०.x आणि २३९.१२८.०.x हे पत्ते घेऊ नयेत, कारण त्यांचे मॅक (स्विच वापरतो ते इथरनेट) पत्ते राखीव २२४.०.०.x ग्रुपच्या मॅक पत्त्यांशी जुळतात आणि स्विच असा डेटा बहुधा सर्व पोर्टवर सोडतो. २३९.१०.१०.१ हा पत्ता चालेल.

आता प्रत्येक राउटरवर ‘आयपी मल्टिकास्ट-राउटिंग’ ही कमांड द्यावी. काही आयओएस एक्सई उपकरणांवर तिच्यापुढे ‘डिस्ट्रिब्युटेड’ हा शब्द लागतो. त्यानंतर स्रोताकडच्या, श्रोत्यांकडच्या आणि राउटरांना जोडणाऱ्या प्रत्येक इंटरफेसवर ‘आयपी पिम स्पार्स-मोड’ लिहावे. मधला एखादा इंटरफेस राहून गेला, तर आरपीएफची वाट तिथेच तुटते. स्रोत आणि श्रोते यांची गाठ घालून देणाऱ्या मध्यवर्ती राउटरला आरपी (रांदेव्हू पॉइंट) म्हणतात; त्याच्या लूपबॅक या आभासी इंटरफेसला, समजा, १०.२५५.०.१ हा पत्ता देऊन तो युनिकास्टमध्ये जाहीर करावा, त्या लूपबॅकवरही पिम सुरू करावे आणि ‘आयपी पिम आरपी-अ‍ॅड्रेस १०.२५५.०.१’ ही ओळ सर्व राउटरांवर, खुद्द त्या आरपी राउटरवरसुद्धा, जशीच्या तशी लिहावी.

पडताळणी क्रमाने करावी. ‘शो आयपी पिम नेबर’मध्ये शेजारचे राउटर दिसले पाहिजेत, ‘शो आयपी आयजीएमपी ग्रुप्स’मध्ये श्रोत्यांनी मागितलेला ग्रुप दिसला पाहिजे आणि ‘शो आयपी एमराउट’मध्ये स्रोताच्या नोंदीसमोर येणारा व जाणारा, असे दोन्ही इंटरफेस हवेत. आरपी राउटरवर तारांकित, म्हणजे कोणत्याही स्रोतासाठीच्या, नोंदीचा येणारा इंटरफेस ‘नल’ दिसतो. तो दोष नव्हे. इतरत्र तसे दिसल्यास ‘शो आयपी आरपीएफ’पुढे आरपीचा पत्ता देऊन तपासावे, कारण तिथे बहुधा मार्ग किंवा पिम शेजारी सापडत नसतो.

एवढे जुळूनही चित्र येत नसेल, तर पाठवणाऱ्या प्रोग्रामचा टीटीएल, म्हणजे प्रत्येक राउटरवर एकाने कमी होणारा पॅकेटमधला आकडा, पाहावा. मल्टिकास्ट सॉकेटचा मूळ टीटीएल १ असतो, त्यामुळे पॅकेट पहिल्याच राउटरवर संपते; वाटेतल्या राउटरांच्या संख्येहून मोठा आकडा तिथे घालावा.