चार्जशीटच्या नकला आणि समन्स: सोलापूरच्या फौजदारी कोर्टात काय आणि कधी मागायचं

दोषारोपपत्र दाखल झालं की त्याची पूर्ण नक्कल आरोपीला फुकट मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २३० (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं २०७) त्यासाठी आरोपी हजर झाल्यापासून जास्तीत जास्त १४ दिवस देतं. पीडिताने वकील दिला असेल तर त्यालाही नक्कल मिळते. पण चौदाव्या दिवशी कागद आपोआप हातात पडतील असं धरून चालू नका. पहिल्याच तारखेला लेखी अर्ज द्या आणि रोजनाम्यात (कोर्ट प्रत्येक तारखेला लिहितं त्या नोंदीत) नोंद झाली का ते पाहा.

नकला घेताना पोच म्हणून सही घेतात आणि घोळ नेमका इथे होतो. ‘सर्व नकला मिळाल्या’ असं एकदा लिहून दिलं की ‘अमुक जबाब मिळालाच नव्हता’ हे नंतर सांगणं जड जातं. सही करण्याआधी अनुक्रमणिका समोर ठेवून पान-पान जुळवा: एफआयआर, कलम १८० खाली पोलिसांनी घेतलेले जबाब, कलम १८३ खालचे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचे जबाब, पंचनामे, दवाखान्याचे दाखले. झेरॉक्स काढताना पाठपोट लिहिलेल्या जबाबाची मागची बाजू हमखास राहते, घटनास्थळाचा नकाशा फिका येतो, जखमांचे फोटो नुसते काळे दिसतात. जबाबाच्या शेवटच्या चार ओळी गेल्या तर फटका उलटतपासात बसतो. साक्षीदार आज कोर्टात सांगतोय ते त्याने पोलिसांना सांगितलंच नव्हतं, हे त्या जबाबावरूनच दाखवायचं असतं. न मिळालेल्या पानांचे नंबर पोचेवरच लिहा आणि वेगळा अर्जही द्या.

सीए रिपोर्ट (रासायनिक तपासणीचा अहवाल) बहुधा मागाहून येतो, त्याची नक्कल आल्यावर मागा. पंचनाम्यात पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड जप्त दाखवलं असेल तर त्यातल्या मजकुराची प्रत मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तर मात्र कोर्ट प्रत न देता फक्त पाहू देतं. सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आहे का आणि त्यातली हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) जुळते का, हे तपासा.

पोलिसांनी जमा केलं पण आपल्या पुराव्यात धरलं नाही, असंही बरंच काही असतं. त्याची यादी आरोपीला द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाचे २०२१ चे निर्देश सांगतात. यादी न मागता बसणं हा आमच्या मते सर्वात महागात पडणारा आळस आहे. केस डायरी (तपास अधिकाऱ्याची रोजच्या तपासाची नोंदवही) मात्र आरोपीला मागता येत नाही.

नकला मिळाल्यावर ३० दिवसांच्या आत कागदपत्रं कबूल की नाकबूल हे विचारलं जातं (कलम ३३०). वकिलाला न विचारता सरसकट ‘कबूल’ लिहू नका.

आता समन्स. एखाद्याकडचा कागद किंवा रेकॉर्ड कोर्टात आणायचं तर कलम ९४ (जुनं ९१) खाली अर्ज करायचा. ‘संबंधित सर्व कागदपत्रे’ असं लिहिलेला अर्ज फेटाळला जातो. वस्तू कोणती, कोणाच्या ताब्यात, कोणत्या तारखेची, किती ते किती वाजेपर्यंतची आणि बचावाशी तिचा संबंध काय, एवढं हवंच. बचावाचा पुरावा सुरू होईपर्यंत आरोपीला हा हक्क सहसा मिळत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा निकाल आहे. तोवर नवी पेठेतल्या दुकानाचं फुटेज कधीच पुसलेलं असतं, कारण डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणारं यंत्र) काही आठवड्यांत जुन्यावर नवं चढवतो. म्हणून सुरुवातीला ‘हजर करा’ न म्हणता ‘जतन करण्याचा आदेश द्या’ असा अर्ज करा. कॉल रेकॉर्ड कंपन्यांना दोन वर्षं ठेवावे लागतात. पोलीस ठाण्यातलं फुटेज १८ महिने ठेवावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. बँकेच्या खातेउताऱ्यासाठी मॅनेजरला बोलवत बसू नका, प्रमाणित उतारा पुराव्यात चालतो.

बचावाचे साक्षीदार बोलावण्याचा अर्ज सत्र खटल्यात कलम २५६ खाली आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडच्या वॉरंट केसमध्ये (दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात) कलम २६६ खाली होतो. तपासून झालेला साक्षीदार पुन्हा हवा असेल तर कलम ३४८. तिथे ‘प्रश्न विचारायचे राहून गेले’ एवढ्यावर भागत नाही, कोणते प्रश्न आणि का, हे अर्जातच मांडा.

समन्स निघालं तरी बजावणी पत्त्यावर अडते. ‘पूर्व भाग, सोलापूर’ एवढ्यावर ते ‘मिळून आला नाही’ शेऱ्यासह परत येणारच. पेठ, गल्ली, घर नंबर, मोबाइल आणि पोलीस ठाणं लिहा. शहराची ठाणी आयुक्तालयाकडे आणि तालुक्यांची ग्रामीण अधीक्षकांकडे असल्याने ठाणं चुकलं की एक तारीख फुकट जाते. साक्षीदार विजयपूर किंवा कलबुर्गीचा असेल तर समन्स साधारणपणे तिकडच्या न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत जातं, म्हणून लांबची तारीख मागा. साक्षीदाराला रजिस्टर पोस्टाने किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गानेही समन्स पाठवता येतं (कलम ७१), तशी विनंती अर्जातच करून ठेवा.

अर्ज नामंजूर झाला तर सत्र न्यायालयात रिव्हिजन (आदेश तपासून पाहण्याचा अर्ज) टाकण्याची घाई करू नका. असे आदेश अंतरिम (खटला चालू असतानाचे, अंतिम नसलेले) धरले जातात आणि रिव्हिजन तिथेच अडकते. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागते, आणि सोलापूरकरांसाठी ते १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचवर (उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठापुढे) होतं. नामंजुरीच्या आदेशाची प्रमाणित नक्कल त्याच दिवशी नक्कल विभागात लावून ठेवा.