सातारा-सांगलीच्या हवेत ऑर्किडचा संकर कसा करावा

ऑर्किडचा संकर घरी करता येतो. त्यासाठी प्रेशर कुकर, सर्जिकल ब्लेड, झाकणाच्या काचेच्या बाटल्या आणि तीन-चार वर्षांचा धीर लागतो. पण सगळ्यात आधी कशाचा कशाशी संकर करायचा हे ठरवावं लागतं, आणि बहुतेकांची चूक तिथेच होते. फूल देखणं म्हणून मे महिन्यात जेमतेम जीव धरणारी दोन रोपं निवडली जातात, मग पिल्लंही तशीच नाजूक निघतात. सांगलीत उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. साताऱ्यात तो थोडा खाली राहतो, पण हवा कोरडीच असते. म्हणून मादी झाडाने तुमच्याच गच्चीवर शेडनेटखाली किमान दोन उन्हाळे निभावलेले असावेत. रंग, आकार, वास हे सगळं त्यानंतर बघायचं.

आई-बाप निवडताना

सुरुवात स्पॅथोग्लॉटिसने करावी. नर्सरीत ‘ग्राउंड ऑर्किड’ म्हणून मिळणारं, जांभळ्या फुलांचं, मातीत वाढणारं हे रोप. याचं बोंड (बियांचं फळ) पाच-सहा आठवड्यांत पिकतं, त्यामुळे हात बसायला मदत होते. एक अडचण आहे: काही रोपं आपोआपच फलतात, म्हणून फूल उमलण्याआधी, कळी फुगली की परागकण काढून टाकावे लागतात. त्यानंतर डेन्फाल, म्हणजे बाजारात सर्वात जास्त दिसणारं उभ्या दांड्यांचं डेंड्रोबियम. तिसरा गट व्हँडाचा, म्हणजे टोपलीत टांगून, मुळं हवेत सोडून वाढवतात त्या ऑर्किडचा. मोठ्या फुलांचं सिंबिडियम सांगलीत आणूच नये. त्याला कळ्या धरायला गार रात्री लागतात, ते पाचगणी-महाबळेश्वरच्या बागेचं काम आहे.

वेगळं काही करायचं असेल तर व्हँडाच्या नात्यातल्या सह्याद्रीच्या जाती बघा. एरिडिस (सुवासिक, खालून वर वळलेल्या शिंगासारख्या मागच्या नळीची) आणि सीतेची वेणी म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा या दोन्ही व्हँडाशी जुळतात. एरिडिस आणि व्हँडाच्या संकराला एरिडोव्हँडा म्हणतात. देशी जातीकडून वास आणि उन्हाळा सोसण्याची ताकद मिळते, व्हँडाकडून फुलाचा आकार. मात्र हे रोप प्रयोगशाळेत वाढवलेलंच घ्यायचं. कास, कोयना, चांदोलीच्या जंगलातून झाडावरचं ऑर्किड ओरबाडून आणणं गुन्हा आहे. हा सगळा पट्टा २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. कासवरची हबेनारिया, म्हणजे हबे-आमरी, तर आणूनही उपयोग नाही. तिचा कंद पावसाळा संपला की जमिनीत झोपतो, आणि कुंडीत पाणी पडत राहिलं की तो कुजतो. ब्लू व्हँडा, रेड व्हँडा आणि लेडीज स्लिपर ही ऑर्किडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आलेली आहेत. ती विकत घेताना कागदपत्रं मागून घ्या.

ओळख पक्की नसेल तर संकराचा अर्धा अर्थ जातो. संकराची नोंद ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे होते आणि तिथे दोन्ही पालकांची नावं लागतात. बिनलेबलचं रोप बाप म्हणून वापरलं तर नोंद होतच नाही. ओळखताना फुलाच्या रंगापेक्षा रचना बघा. खोड एकाच टोकाने वर वाढत जातं (व्हँडा, एरिडिस, फॅलेनोप्सिस) की बाजूने नवे फुटवे येतात (डेंड्रोबियम, कॅटलिया)? मग फुलाच्या मधल्या स्तंभाच्या टोकावरची टोपी टूथपिकने उचलून परागपिंड, म्हणजे परागकणांचे पिवळे गोळे, मोजा. कॅटलियात चार, लेलियात आठ, व्हँडात आणि फॅलेनोप्सिसमध्ये दोन असतात. डेंड्रोबियममध्येही चार असतात, पण त्यांना चिकट देठ नसतो, ते सुटेच येतात. ही मोजणी परागण करताना करायचीच असते, त्यामुळे वेगळी मेहनत पडत नाही.

परागण

फूल उमलून तीन ते पाच दिवस झालेले असावेत. पहिल्या दिवशीचं फूल कच्चं असतं, सुकायला आलेलं उपयोगाचं नाही.

१. मादी फुलाचा ओठ, म्हणजे खालची रंगीत पाकळी, हलकेच खाली दाबा किंवा कापून टाका. कीटकाला बसायला जागा उरत नाही.

२. मादी फुलाची टोपी उचलून तिचे स्वतःचे परागपिंड आधी काढा आणि फेकून द्या. हे विसरलं तर स्वपरागण होतं आणि तीन वर्षांनी कळतं.

३. स्वच्छ टूथपिकच्या टोकाला स्तंभाच्या खालच्या बाजूच्या चिकट खड्ड्यातला थोडा द्रव लावा. त्याच टोकाने नर फुलाचे पिवळे पिंड उचला.

४. ते मादीच्या त्या चिकट खड्ड्यात दाबून बसवा. हाच स्त्रीकेसराचा भाग.

५. देठाला लेबल बांधा: आईचं नाव आधी, मग गुणिले चिन्ह, मग बापाचं नाव, आणि तारीख. शाई उन्हात उडते, पेन्सिलीने लिहा.

फुलांच्या आकारात फार फरक असेल तर छोट्या फुलाला मादी करा. छोट्या फुलाच्या परागाची नळी मोठ्या फुलाच्या लांब स्तंभातून खालपर्यंत पोचत नाही. उलट केलं तर बहुधा पोचते.

जमलं असेल तर एक-दोन दिवसांत फूल मलूल होतं, स्तंभ फुगतो, देठाचा भाग हिरवा आणि जाड होऊ लागतो. ऑर्किडच्या फुलात परागणाच्या वेळी बीजांडं तयारच नसतात. ती नंतर घडतात, आणि प्रत्यक्ष फलन कित्येक आठवड्यांनी होतं. म्हणून दोन-तीन आठवडे छान जाड झालेलं बोंडसुद्धा अचानक पिवळं पडून गळू शकतं. कारण बहुधा तीनपैकी एक: उन्हाचा ताण, मुळं कुजून झाडाला ताकद नसणं, किंवा गुणसूत्रांचा बेबनाव. बाजारातल्या बऱ्याच डेन्फाल आणि फॅलेनोप्सिसमध्ये गुणसूत्रांचे दोनाऐवजी चार किंवा तीन संच असतात, आणि तीन संचवाली जवळपास वांझ. एकाच मादीवर दोन वेगळे नर वापरून दोन फुलं फलवली तर दोष मादीत की नरात हे कळतं. पण एका दांड्यावर दोनापेक्षा जास्त बोंडं ठेवू नका.

आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परागण केलेलं चांगलं. डेन्फालचं बोंड साधारण चार महिन्यांत पेरायच्या हिरव्या अवस्थेत येतं, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, आणि उन्हाळ्याचा फटका बसत नाही. फेब्रुवारीत फलवलेलं बोंड एप्रिल-मे बघतं, आणि तिथेच गळतं. फॅलेनोप्सिसला हिरव्या अवस्थेत यायला चार-पाच महिने, कॅटलियाला पूर्ण पिकायला नऊ-अकरा महिने, व्हँडाला वर्ष किंवा त्याहून जास्त.

माध्यम आणि बाटल्या

ऑर्किडच्या बीमध्ये अन्नसाठा नसतो. निसर्गात एक बुरशी त्याला पोसते. १९२२ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नड्सन यांनी दाखवलं की साखर आणि क्षारांच्या जेलीवर बी बुरशीशिवाय रुजतं. घरच्या पद्धतीचा पाया तोच आहे.

एक लिटर शुद्ध (आरओ किंवा डिस्टिल्ड) पाण्याला:
अर्ध्या ताकदीचं एमएस (मुराशिगे-स्कूग, टिश्यूकल्चरचं क्षारमिश्रण) पावडर माध्यम – २.२ ग्रॅम
साखर – २० ग्रॅम
अगर (जेली धरवणारी पावडर) – ८ ग्रॅम
अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल – १ ग्रॅम

पीएच ५.६ च्या आसपास ठेवा. ५ च्या खाली गेला तर जेली धरत नाही. केळीच्या टिश्यूकल्चरला लागतं तेच एमएस माध्यम, त्यामुळे लॅब साहित्याच्या दुकानात मिळतं. ब्लेड, ग्लोव्हज, फोर्सेप्ससाठी मिरजेतली सर्जिकल दुकानं पुरेशी आहेत.

गरम माध्यम बाटलीत पाव भरून घाला (एका लिटरमध्ये ५० मिलीच्या वीस बाटल्या), झाकण सैल ठेवा, कुकरमध्ये पहिली शिट्टी झाली की मंद आचेवर वीस मिनिटं. गॅस बंद केल्यावर वाफ हाताने सोडू नका, बाटल्यांतलं माध्यम उकळून झाकणाला लागतं. थंड झाल्यावर झाकणं घट्ट करा आणि आठवडाभर नुसत्या ठेवून द्या. बुरशी उगवली तर दोष कुकरचा किंवा झाकणाचा आहे, बोंड वाया जायच्या आत तो कळतो.

पेरणी

न तडकलेलं बोंड आतून निर्जंतुक असतं, सगळी लढाई त्याच्या सालीशी असते. भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने बोंड घासा. मग घरगुती लिक्विड ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, दोन थेंब साबण, यात वीस मिनिटं बुडवा. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लिनर किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

काम पारदर्शक प्लास्टिकच्या खोक्यात करा. दोन हात जाण्याएवढी भोकं पाडून, आतून ७० टक्के स्पिरिटने पुसून. पंखा बंद, खिडक्या बंद. या खोक्यात दिवा पेटवू नका, स्पिरिटची वाफ पेट घेते. ११ नंबरच्या ब्लेडने बोंडाचं टोक उडवा, उभा चिरा द्या, आतली धुळीसारखी बी ब्लेडने खरवडून माध्यमावर पसरवा. एका बाटलीत चिमूटभर पुरे. बाटली उघडी राहण्याचा वेळ जितका कमी तितकं चांगलं.

थोडी बी थेंबभर पाण्यात मायक्रोस्कोपखाली बघा. पारदर्शक सालीत मधोमध गडद ठिपका असेल तर बीज भरलेलं. नुसता भुसा दिसला तर संकर वांझ.

बाटल्या खिडकीपासून दूर, मंद उजेडात ठेवा, तापमान २५ ते २८ अंश. सांगलीत मे मध्ये घराच्या सर्वात गार खोलीत हलवा. डेन्फालची बी दोन ते चार आठवड्यांत फुगून हिरवी होते. हे हिरवे मणी म्हणजे प्रोटोकॉर्म. माध्यम आणि मणी तपकिरी होत असतील तर गर्दी झाली आहे किंवा खोली फार तापते. चार-पाच महिन्यांनी ते नव्या बाटलीत पसरवा. या वेळी लिटरला ५० ग्रॅम पिकलेल्या केळ्याचा गर घाला, पण पहिल्या पेरणीला नको.

बाटलीतून बाहेर

रोपं मुळांसकट तीन-चार सेंटीमीटर झाली की बाहेर काढा, पण जून-जुलैतच. हवेत ओल असते आणि उन्हाचा जोर कमी होतो. कोमट पाण्यात जेली पूर्ण धुऊन काढा, राहिली तर बुरशी तिथूनच येते. मँकोझेब या बुरशीनाशकाच्या द्रावणात (लिटरला दोन ग्रॅम) दहा मिनिटं बुडवा आणि एकाच कुंडीत दहा-पंधरा रोपं लावा. भर नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे आणि कोळसा. सोडण दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून घ्या, त्यातला क्षार जातो. शेडनेट ७५ टक्के. सातारा-महाबळेश्वरच्या बाजूला पावसाची झड थेट अंगावर येणार नाही अशा पत्र्याखाली ठेवा, तिथे रोपं उन्हाने मरत नाहीत, सडून मरतात.

पाण्याकडे दुर्लक्ष नको. सांगली-तासगावच्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात आणि कोवळ्या रोपांच्या पानांची टोकं आधी करपतात. टीडीएस २०० च्या खाली असलं की काळजी नाही. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी ड्रममध्ये साठवलं की उन्हाळ्यासाठी काही दिवसांची सोय होते.

डेन्फालला बाटलीबाहेर दोन-तीन वर्षांत फूल येतं. पहिल्या फुलावरून निर्णय करू नका, ते आकाराने लहान आणि रंगाने फिकं येतं. दुसऱ्या बहराला सगळी रोपं शेजारी मांडून बघा: पानं कुणाची करपली, दांडे कुणाचे भरले, फूल किती दिवस टिकलं. उन्हाळ्यात पानं गाळणारी काढून टाका, फूल कितीही छान असलं तरी. उरलेल्यातलं सगळ्यात बरं रोप पुढच्या संकराची मादी. आणि जोडीची नोंद आधी कुणी केलेली नसेल, तर फोटो, पालकांची नावं आणि फुलण्याची तारीख हातात ठेवून नोंदणीचा अर्ज भरा. फूल आल्याशिवाय तो स्वीकारला जात नाही.