कॉर्ड्स बरोबर, तरी गाणं जुळत नाही? या चुका टाळा

दिवाळी पहाट जवळ आली की नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये तालमी रंगतात. बऱ्याच तालमींत गाडी एकाच जागी अडते: भावगीत सुरू होतं आणि गिटारवर सी, जी, ए मायनर, एफ या कॉर्ड्सचं (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्यांचं) पाठ केलेलं चक्र फिरू लागतं. पॉपला ते शोभतं. पण चाल यमन रागाची असेल तर एफ घात करते. सी हा सा धरला, तर यमनचा तीव्र मध्यम म्हणजे एफ शार्प, आणि एफच्या कॉर्डमध्ये नेमका शुद्ध मध्यम. गायिका तीव्र मध्यमावर ठेहराव घेते तेव्हा खालचा सूर कानाला खुपतो. तिथे डी मेजर लावून बघा, त्यात एफ शार्प आहेच. (यमनकल्याणात शुद्ध मध्यम येतो, पण तेवढ्यापुरताच.) भूप रागात मध्यम-निषाद दोन्ही वर्ज्य, सी आणि ए मायनरवर बरंच भागतं. कॉर्ड बदलायची घाई करू नका.

मायनर म्हणजे दुःख, हा गैरसमज तर सोडाच. मायनरमध्ये ठेका जलद असला की लोक नाचतात. त्याच चार कॉर्ड्स ए मायनर, एफ, सी, जी अशा वाजवा आणि चाल ‘ए’वर विसावू द्या, रंग पालटतो. म्हणून आधी चाल नुसती गुणगुणा आणि ती कुठे विसावते ते शोधा. तोच सा.

ए मायनरमध्ये शेवट ढिला पडतोय? ई मायनरऐवजी ई मेजर घ्या. जीचा जी शार्प होतो आणि तो सूर ‘ए’कडे ओढ घेतो.

बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा (तालाच्या बारा आवर्तनांचा) ब्लूज साध्या मेजरवर वाजवला तर त्याची चवच जाते. सी सेव्हन, एफ सेव्हन, जी सेव्हन (म्हणजे कोमल सातवा सूर जोडलेल्या मेजर कॉर्ड्स), तिन्ही हवेत. जॅझमध्ये मात्र डी मायनर सेव्हन, जी सेव्हननंतर सी मेजर सेव्हनवर (इथे सातवा सूर शुद्ध) या. सी सेव्हन घेतलात तर कान पुढचं काहीतरी मागत राहतो.

शेवटची चूक अक्षरं पाठ करण्याची. १-५-६-४ असे आकडे, म्हणजे सा पासून मोजलेले कॉर्ड्सचे क्रमांक (सी, जी, ए मायनर, एफ), लक्षात ठेवा. गायक ‘काळी एक’ (पेटीची पहिली काळी पट्टी, सी शार्प) म्हणाला तर कॅपो (तारा दाबून धरणारी चिमटी) पहिल्या फ्रेटवर आणि कॉर्ड्स सीच्याच आकारात. पुढच्या गाण्याला गायिकेने ‘काळी चार’ (जी शार्प) मागितली तर कॅपो तिथेच राहू द्या आणि जी, डी, ई मायनर, सी वाजवा.