किंकाळीचे जुने इंग्रजी शब्द : या चुका टाळा

स्क्रीम, श्रीक, स्क्रीच, येल. हे शब्द उच्चारले तरी कानात काहीतरी टोचतं, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. अनुवादक असोत, इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी असोत की रोज एक शब्द फॉरवर्ड करणारे हौशी, कानाला पटली ती व्युत्पत्ती खरी मानून सगळे मोकळे होतात.

सर्वांत सर्रास चूक काळाची. शेक्सपिअरची भाषा म्हणजे ‘ओल्ड इंग्लिश’ नव्हे. ओल्ड इंग्लिश साधारण पाचव्या ते अकराव्या शतकातली, चौदाव्या शतकातला कवी चॉसर त्यानंतरच्या मिडल इंग्लिशमधला, आणि शेक्सपिअर आधुनिक इंग्रजीच्या सुरुवातीचा. ‘स्क्रीम’ लेखी सापडतो तो १२०० च्या आसपास, त्यामुळे त्याला ओल्ड इंग्लिश म्हणता येत नाही. ‘घाबरवणे’ या अर्थाच्या एका जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेच्या, क्रियापदाशी त्याचं नातं असावं असा अंदाज आहे. अंदाजच, तो ठाम विधान म्हणून पुढे ढकलू नका.

नॉर्सचा संशय येण्यामागे एक ध्वनीचा नियम आहे. ओल्ड इंग्लिशमध्ये ‘स्क’चा ‘श’ झाला, नॉर्समध्ये ‘स्क’ तसाच राहिला. शर्ट आणि स्कर्ट ही त्याच फाटाफुटीतली जोडी. मात्र किंकाळीच्या शब्दांना हा नियम डोळे मिटून लावू नये, कारण आवाजाची नक्कल करणारे शब्द नियमांना फारसे जुमानत नाहीत. ‘श्राइक’ हे पक्ष्याचं नाव ओल्ड इंग्लिशमध्येही सापडतं, आणि ते त्याच्या कर्कश आवाजावरून पडलं. आपण त्याच पक्ष्याला खाटीक म्हणतो, भक्ष्य काट्यावर टोचून ठेवण्याच्या सवयीवरून. शास्त्रीय नावातला ‘लॅनियस’ म्हणजेही खाटीकच.

‘येल’ मात्र अस्सल ओल्ड इंग्लिश. मूळ रूप ‘गिएल्लान’, आणि त्याचा नातलग ‘गालान’ म्हणजे गाणे. हाच गालान ‘नाइटिंगेल’च्या शेपटात बसला आहे: रात्री गाणारी. त्या ‘गेल’चा वादळी वाऱ्याशी काही संबंध नाही. ‘बेओवुल्फ’ या ओल्ड इंग्लिश काव्यात ग्रेंडेल राक्षस नायकाच्या पकडीत अडकतो तेव्हा त्याच्या आक्रोशासाठी कवी हेच ‘गालान’ वापरतो. राक्षस भयगीत ‘गातो’, विजय नसलेलं गीत. इथे नुसतं ‘किंचाळला’ लिहिलं की ओळीतला सगळा उपरोध गेला. जुन्या भाषेत ओरडणं आणि गाणं यांच्यात आजच्यासारखी भिंत नव्हती, हे अनुवादकाने लक्षात ठेवावं.

‘येल्प’ तर सरळ फसवतो. ओल्ड इंग्लिशमध्ये त्याचा अर्थ बढाई मारणे. कुत्र्याचं केकाटणं सोळाव्या शतकात आलं. जुन्या काव्यातला वीर येल्प करतो तेव्हा तो छाती ठोकत असतो.

आता सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा सापळा. मृतासाठी आक्रोश करणे या अर्थाचा ‘कीन’ आयरिश भाषेतून आला. ‘तीक्ष्ण’ अर्थाचा ‘कीन’ वेगळा, त्याचा ओल्ड इंग्लिशमधला अर्थ ‘शूर’. म्हणून ‘तीक्ष्ण रडणं म्हणजे कीनिंग’ ही व्युत्पत्ती कितीही गोड वाटली तरी खोटी. ‘ह्यू अँड क्राय’मधला ‘ह्यू’ रंग नव्हे. तो ‘ओरडणे’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दातून आलेला. चोराच्या मागे आरडाओरडा करत धावणं ही इंग्लंडमध्ये कायदेशीर जबाबदारी होती. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्यात ती लिहिलेली आहे. आणि चॉसरची पात्रं ‘हॅरो’ ओरडतात तेव्हा शेतातला कुळव आणू नका. ती फ्रेंचमधून आलेली मदतीची हाक आहे. इंग्लिश खाडीतल्या जर्सी आणि गर्न्सी बेटांवर ती अजून कायद्यात जिवंत आहे: आपल्या मालमत्तेवर कोणी अतिक्रमण करत असेल तर साक्षीदारांसमोर गुडघे टेकून तीनदा ‘हारो’ म्हणायचं, आणि न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत समोरच्याला काम थांबवावं लागतं.

‘क्राय’ची गोष्ट आपल्याकडच्या लोकांना जास्त सतावते. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ याचना करणे, हाक मारणे. रडण्याचा अर्थ सोळाव्या शतकात रुळला. ‘मॅकबेथ’मध्ये खुनाच्या रात्री घुबड स्क्रीम करतं आणि रातकिडे क्राय करतात, तिथे रातकिडे किर्र करतात, रडत नाहीत. शिवाय ‘क्राय’ आणि संस्कृत ‘क्रोश’ एकच, असा दावा वारंवार दिसतो. क्रोश म्हणजे हाक, आणि हाक पोचेल तेवढं अंतर म्हणून कोस, इतकं खरं. ‘क्राय’ मात्र फ्रेंचमधून मागे लॅटिन ‘क्विरितारे’पर्यंत जातो. रोमन विद्वान वारोने त्याचा अर्थ ‘क्विरितेस, म्हणजे रोमन नागरिकांना हाक घालणे’ असा लावला होता, पण डुकराच्या चीत्काराचा लॅटिन शब्दही जवळपास तसाच असल्याने त्याच्या व्युत्पत्तीवरही शंका घेतली जाते.

अडलात तर कोशात तीन गोष्टी पाहा: शब्दाची पहिली लेखी नोंद कधीची, अर्थ कोणत्या क्रमाने आले, आणि त्याच स्पेलिंगखाली एकाहून जास्त नोंदी आहेत का. ‘कीन’ आणि ‘ह्यू’ची गफलत तिसऱ्या प्रश्नातच उघडी पडते.