पॉइंट टू-टूचं बॅरल नक्की खातं कोण?

इंदूरच्या पालकांनी मुलासाठी पॉइंट टू-टू, म्हणजे 0.22 इंच बोअरची, रायफल घेतली, की रेंजवर माझ्यापुढे पहिला प्रश्न ठरलेला: ताई, बॅरल, म्हणजे नळी, किती फैरी टिकेल? टिकेल हो. मऊ शिशाची, वंगण लावलेली, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास जाणारी गोळी पोलादाचं फारसं काही बिघडवत नाही. मोठ्या बोअरच्या, म्हणजे नळीचं भोक मोठं असलेल्या, रायफलीचं तसं नाही. तिथे जळत्या दारूची उष्णता, गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे सुरू होतात तोच भाग आधी खाते, म्हणून फैरी सावकाश, नळी निवू देत झाडायच्या.

पॉइंट टू-टूचं बॅरल बहुतेक वेळा साफ करणारा हातच खराब करतो. आधी बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. सळई एकसंध हवी आणि ती मागूनच घालायची, तिला सरळ ठेवणारं गाइड लावून. तोंडाकडून घातलीत तर ती काठाला घासते. काठ एका बाजूने झिजला, की गोळी सुटताना गॅस त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळी कलते. चिंधी पुढून बाहेर पडू द्या, मळकी परत नळीत ओढू नका. चिंध्यांना इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधलं पांढरं फ्लॅनेल उत्तम, मळ लगेच दिसतो.

खरी मेख चेंबरच्या अगदी पुढे असते. काडतुसाच्या बुडाच्या कडेतल्या, दारू पेटवणाऱ्या मिश्रणात बहुधा काचेची पूड असते. ती आणि जळक्या दारूची राख तिथे बसून कडक कडं धरते. नऊ गोळ्या एकत्र आणि दहावी भलतीकडे, असं वारंवार व्हायला लागलं की आधी तिथे बघा. मळ सोडवणाऱ्या सॉल्व्हंटची ओली चिंधी थोडा वेळ तिथे ठेवा, मग कांस्याचा ब्रश, मग कोरड्या चिंध्या. साफ केल्यावरच्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात, नळीत वंगणाचा थर बसेपर्यंत. म्हणून मॅचच्या आदल्या रात्री चकाचक करायची हौस नको!

काडतूस निवडताना डब्यावरच्या नावाइतकाच लॉट नंबर, म्हणजे खेपेचा क्रमांक, महत्त्वाचा. एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच रायफलीत वेगळे वागतात. रायफल टेकवून 50 मीटरवर दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या भोकांचे पुंजके, काढा. तीन गोळ्यांचा ग्रुप सुरेख दिसतो, पण त्यावर विश्वास ठेवू नका. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं, तिथे पसारा लपत नाही. 'हाय व्हेलॉसिटी' डबा मॅचसाठी नको. ती गोळी आवाजाहून वेगात निघते आणि वाटेतच त्या वेगाखाली येताना डगमगते. जमलेला लॉट हंगामभर पुरेल एवढा, लायसन्सच्या मर्यादेत, एकदम घ्या. ब्रँड बदललात तर नवं वंगण नळीत मुरेपर्यंत निकाल धरू नका. आणि मे महिन्यात डबे गाडीच्या डिकीत तापत ठेवू नका.

पावसाळ्यात रायफल फोमच्या केसमध्ये ठेवायची नाही, तो ओल धरतो. नळीला तेलाचा पुसट हात फिरवून हवा खेळणाऱ्या, पण कुलूपबंद कपाटात ठेवा; झाडण्याआधी तेल पुसा. घरात वडिलोपार्जित मोठ्या बोअरची रायफल असेल आणि काडतुसं जुन्या लष्करी साठ्यातली, तर दारू पेटवणाऱ्या प्रायमरचं मीठ नळीत राहून गंज आणतं. ते तेलाने जात नाही, गरम पाणीच लागतं. मग नीट कोरडं करून तेल.

एवढं करूनही ग्रुप फाटलाच, तर आधी स्टॉकचे, म्हणजे दस्त्याचे, स्क्रू तपासा, मग लॉट, मग ते कडं. नवं बॅरल सगळ्यात शेवटी.